कुळागरात कॉफी लावण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

संपादक महोदय,

कुळागरात, म्हणजे आपल्या पोफळी-नारळाच्या मिश्र बागेत, कॉफी लावून ती ‘गोव्याची सिंगल ओरिजिन’ (एकाच ठिकाणच्या दाण्यांची) म्हणून विकावी, ही कल्पना वाईट नाही. मात्र चर्चा सगळी रोपांची आणि पाकिटांची होते, पाण्याचे कोणी बोलत नाही.

जातीचा प्रश्न चटकन सुटतो. अरेबिकाला १००० ते १५०० मीटर उंची मानवते; आपली कुळागरे ओढ्याकाठी, सखल जागेत. तिथल्या उष्म्यात तांबेरा आणि खोडकिडा अरेबिकाला टिकू देत नाहीत. लावायचीच तर रोबस्टा, त्यातही आटोपशीर वाढणारा सीएक्सआर हा संकरित वाण, सुमारे अडीच मीटर अंतरावर. एकाच झाडाच्या कलमांनी बाग भरू नये. रोबस्टा स्वतःच्या परागाने फळत नाही.

खरी गोम शिंपण्यात आहे. पावसाळा सरला की पोफळींना पाटाचे पाणी सुरू होते. नेमका त्याच काळात कॉफीच्या कळ्यांना पाण्याचा ताण हवा असतो. मुळाशी सतत ओल राहिली तर फुले एकदम न येता तुटकतुटक येतात, फळे मागेपुढे पिकतात आणि तोडणीच्या खेपा वाढतात. ऐन काजूच्या हंगामात तेवढे मजूर आणायचे कुठून? म्हणून पाटाच्या वाफ्यात कॉफी नकोच. कुळागराच्या वरच्या कडेला, फणस-आंब्याच्या विरळ सावलीत ती लावावी. त्या झाडांवर मिरवेलही चढते.

ताण बसल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये तुषार सिंचनाने एका दमात २५ ते ४० मिलिमीटर पाणी द्यावे लागते. हेक्टरी हिशेब अडीच ते चार लाख लिटरचा होतो. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एक पाळी. कर्नाटकात कोडगू-चिकमगळूरकडे हे काम बरेचदा वळवाचा पाऊस करतो. आपल्याकडे त्या महिन्यांत त्याचा भरवसा नाही. पाणी अपुरे पडले तर कळ्या अर्धवट उमलून सुकतात आणि वर्ष हातचे जाते. पाण्यानंतर आठ-दहा दिवसांत बाग फुलांनी पांढरी होते. त्या दिवशी तुषार बंद, नाहीतर पराग धुऊन जातो. फवारणीही नको, मधमाश्या मरतात.

पावसाळ्यात दाट सावली घातक. कॉफीची पाने काळी पडून कुजतात, बुरशीच्या धाग्यांनी फांदीला लोंबत राहतात. मिरगाआधी फांद्या विरळ करून एक टक्का बोर्डो फवारावे: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी १०० लिटर. पोफळीच्या कोळेरोगासाठी आपण तेच वापरतो, तेव्हा नवे काही शिकायला नको.

तोडणी लाल फळांचीच. ती पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी काढावीत, बाकीची पातळ थरात वाळवावीत, दिवसभर खालीवर करावीत, संध्याकाळी झाकावीत. मुठीत धरून हलवल्यावर आत दाणा खुळखुळला की वाळत आली. तरी आर्द्रतामापकावर ११ टक्के आल्याशिवाय पोत्यात भरू नये, बुरशी धरते. जमिनीवर गळलेली फळे वेचलीच पाहिजेत. फळ पोखरणारा भुंगेरा त्यांत वाढतो.

चार-पाच किलो फळांमागे जेमतेम किलोभर दाणे मिळतात, भाजल्यावर त्याहूनही कमी. मग पाकिटे भरायला बाहेरचे दाणे मिसळण्याचा मोह होतोच. तसे केले तर सिंगल ओरिजिन हे नाव लावू नये. पाकिटावर गाव, जात, तोडणीचा महिना आणि वाळवण्याची पद्धत छापावी.

कृषी खात्याला विनंती, की रोपांवर अनुदान देण्याआधी तुषार संच आणि गावात फळे वाळवायला सामाईक सिमेंटचे खळे यांसाठी द्यावे. रोपे द्यायचीच झाली तर ज्याच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी असते, त्याला आधी द्यावीत.

– काही बागायतदार, सत्तरी