बोट नंतर बघ, आधी तांडेल बघ

सातारा

प्रिय संजू,

सांगलीहून सगळ्यांना घेऊन मालवणजवळच्या देवबागला डॉल्फिन बघायला निघालायस आणि बोट कोणती ठरवू म्हणून विचारतोयस. बोटी तिथे साधारण सारख्याच, फायबरच्या. फरक पडतो तो तांडेलामुळे, म्हणजे बोट चालवणाऱ्यामुळे.

आपल्याला सवय कृष्णेची, ओढ कायम एकीकडे. कर्लीची खाडी समुद्राला मिळते तिथे ओढ साधारण सहा तासांनी पालटते. ओहोटीला पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते आणि मुखाशी वाळूच्या उंचवट्यावर उभी राहून फुटते. बोटी उलटतात त्या अशाच जागी. म्हणून जाणता माणूस पाणी चढत असताना बाहेर पडतो आणि ओहोटीचा जोर धरण्याआधी आत येतो. हिशेब तिथीचा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला नऊ, देवबागला त्याच्याही जरा आधी. तेव्हा द्वादशी-त्रयोदशी गाठ आणि सातला निघ. दुपारी खारे वारे सुटले की बारीक लाटांच्या गर्दीत डॉल्फिनच्या पाठीवरचा पर ओळखूच येत नाही.

तिथे दिसतो तो मुख्यतः पाठीवर उंचवटा असलेला, उथळ पाण्यातला डॉल्फिन. मासे खायला खाडीच्या तोंडाशी येतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. चांगला तांडेल कळपाच्या बाजूने, त्याच्याच दिशेने, त्याच्याच वेगाने जातो आणि पन्नासेक मीटरवर इंजिन न्यूट्रलला टाकतो. बंद करत नाही, कारण बोट खडकाकडे वाहायला लागली तर जोर लगेच हाताशी हवा. समोरून आडवा जाणारा किंवा कळपात बोट घालणारा एक उडी दाखवेल, पण पुढे काहीच दिसणार नाही. डॉल्फिन लांब बुड्या मारू लागले, सारखी दिशा बदलू लागले, की ते वैतागलेत. सोबत पिल्लू असेल तर मागे फिरायचं. यात अर्धा दोष आपल्याच लोकांचा, ‘मालक, अजून जवळ घ्या’ म्हणून ओरडणाऱ्यांचा. बक्षिशी जवळ नेणाऱ्यालाच मिळते, मग दुसरा तरी का थांबेल?

निघण्याआधी चालू इंजिनाकडे बघ. मागून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी. ती मंदावली तर थंड पाणी घ्यायच्या तोंडाशी प्लास्टिक अडकलंय किंवा आतला पंप गेलाय. तसंच रेटलं की इंजिन तापून जाम. जाळ्याचा तुटका दोर पंख्यात गुंडाळला जाणं तर नेहमीचंच, म्हणून बोटीत सुरी, पाना, जादा प्लग आहे का ते विचार. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट तरी हवा, नाहीतर नांगर धरत नाही, नुसता घसरतो.

आणि डॉल्फिन दिसला की अख्खी बोट एका कडेला धावते. तांडेलाने निघतानाच ‘जागा सोडायची नाही’ असं दरडावलं, तर वहिनींना सांग, माणूस बरोबर मिळालाय. पोरांच्या जॅकेटचे पट्टे मात्र तू स्वतः ओढून बघ. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराच्या डोक्यावरून निसटतं.

फोंडा घाटाने जा, आणि आदल्या रात्री मुक्कामालाच पोच. सांगलीहून पहाटे निघून सातची फेरी जमणार नाही.

तुझा,
दिलीप