आधी वही, मग कढई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबाग असो की सुदामानगर, घरबसल्या काही करून-विकून एखाद्या वृद्धाश्रमाला किंवा कुणाच्या शस्त्रक्रियेला मदत पाठवण्याचे बेत सुरू होतात. हौस असते, हातही असतात. घोडे अडते ते हिशेबापाशी. दहा हजारांची विक्री झाली की 'दहा हजार जमले' असे सांगून मोकळे होतात. सामानाचे सहा हजार कुणाच्या यजमानांच्या खिशातून गेले, ते वहीत कुठेच नसते. पुढच्या वर्षी त्या घरातून 'यंदा जमणार नाही' असा निरोप येतो, तो यामुळेच.

फराळाचेच घ्या. १ किलो पातळ पोहे, २५० ग्रॅम शेंगदाणे, २०० ग्रॅम डाळं, १५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप आणि ३०० मिली तेल एवढ्यात पावणेदोन किलोच्या आसपास चिवडा होतो, म्हणजे पाव किलोची ७ पाकिटे. सामान, गॅस, पिशव्या, लेबले मिळून ३३० रुपये खर्च धरा आणि पाकीट ८० रुपयांना द्या. ५६० आले, २३० उरले. आता एक पाकीट 'चव बघायला' गेले आणि एकाचे पैसे 'नंतर देते' म्हणत राहून गेले, तर हाती राहतात फक्त ७०. दोन पाकिटांनी दानातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग खाल्ला! म्हणून मागणी आगाऊ घ्यावी, पैसे मागणीबरोबर घ्यावेत आणि चवीचे पाकीट सुरुवातीलाच खर्चात धरावे.

चिवडा मऊ पडला की उरलेली पाकिटे कुणी घेत नाही. बहुतेक वेळा दोष भाजण्यात असतो. पोह्यांना आधी तासभर ऊन द्यावे, मग पाव-पाव किलोच कढईत घेऊन मंद आचेवर, बोटांनी चुरला तर कुरकुरीत मोडेल इतपत भाजावेत. आच मोठी ठेवली की ते आक्रसतात आणि आतून चिवटच राहतात. कढीपत्ता कच्चा राहिला तर त्याचा ओलावा सगळ्या डब्यात उतरतो. मीठ-साखर एकत्र दळून घालावी, नाहीतर ती तळाशी बसते आणि शेवटची पाकिटे खारट निघतात. दोन-तीन तास पूर्ण निवल्याशिवाय पाकीट बंद करू नये. कोमट चिवड्याची वाफ आतच धरते. माल तीन आठवड्यांहून जास्त ठेवायचा असेल तर खोबरे वगळावे, खवट वास आधी त्यालाच येतो.

विक्री सत्कार्यासाठी असली तरी खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. लेबलावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन आणि तयार केल्याची तारीख हवी. शेंगदाणे आहेत हे ठळक लिहावे, काहींना ते अजिबात चालत नाहीत.

ज्यांना कढईपुढे उभे राहणे झेपत नाही, त्यांच्याकडे कपाट आहे. जुन्या सुती साडीच्या भाजीच्या पिशव्या सहज खपतात. साडीचा ३६ इंच लांबीचा तुकडा कापला की त्याच्या रुंदीतून १६ इंचांच्या दोन पट्ट्या निघतात आणि उरलेल्या १२ इंचांत बंदांसाठी तीन-तीन इंचांच्या चार पट्ट्या बसतात. सहावारीतून असे सहा तुकडे, म्हणजे १६ इंची १२ पट्ट्या. पण साडीचे सूत विरलेले असते. एकेरी पिशवी दोन किलो बटाट्यांनी उसवते, तेव्हा दोन पट्ट्या एकावर एक ठेवून शिवावे. सहावारीतून ६ आणि नऊवारीतून ९ दुहेरी पिशव्या होतात. बंद पिशवीच्या काठाला नुसते न टाचता आत दीड इंच घेऊन चौकोनी शिलाई आणि त्यात फुली मारावी. कापण्याआधी साडी धुऊन दोन्ही हातांनी ताणून पाहावी. निऱ्यांचा आणि टाचेशी येणारा भाग बहुधा गेलेला असतो. सिंथेटिक साड्या यात घेऊ नयेत, इस्त्रीखाली गोळा होतात.

याहूनही कमी खर्चाचे काम म्हणजे शिकवणे. होळकरशाहीचे दप्तर मोडी लिपीत होते आणि घरातले मोडी कागद वाचता यावेत असे वाटणारे आजही आहेत. ज्या आजोबांना मोडी येते, त्यांनी आठ तासिकांचा वर्ग घ्यावा. शिरोरेषा आधी ओढून मग अक्षरे टांगण्याची सवय, बाराखडी, नंतर शब्दांत जागा न सोडता लिहिलेल्या ओळी फोडणे, असा क्रम ठेवावा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत जवळपास नसतो, हे पहिल्याच दिवशी सांगितले तर पुढची निम्मी भांडणे टळतात. झूमवर फुकटात ४० मिनिटेच मिळतात, म्हणून तासिका ३५ मिनिटांचीच आखावी. दहा जणांचे ४०० रुपयांप्रमाणे ४,००० आले, तर ते जवळजवळ सगळेच उरतात.

रद्दीचे थोडक्यात. एका घरची महिन्याची वर्तमानपत्रे चार किलो धरली तर ४० घरांची १६० किलो होतात. किलोला १२ रुपये मिळाले तर १,९२०. अटालेवाला येईल तेव्हा आपला वजनकाटा जवळ असावा, एवढीच सूचना. कचरा वेगळा करण्याची सवय आपल्या शहराला आहेच.

हाउजी किंवा लकी ड्रॉचा मोह मात्र आवरावा. सरकारची नसलेली किंवा सरकारने परवानगी न दिलेली सोडत चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे, मग पैसा कुठेही जावो.

आता पावतीचे. चिवडा विकत घेणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी देणगीची (८०-जीची) पावती मागता येत नाही, कारण त्याला पैशांच्या बदल्यात चिवडा मिळालेला असतो. विक्रीसाठी वेगळे बचत खाते ठेवावे, खर्च वजा करून उरलेली रक्कम त्यातून संस्थेला चेकने द्यावी. चेक ज्याचा, पावती त्याच्याच नावे निघते. ज्यांना काही न घेता नुसतेच द्यायचे आहे, त्यांनी थेट संस्थेच्या खात्यात भरावे आणि पॅन कळवावा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर मुळीच नाही. यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात, म्हणून मागणी घेतानाच सांगून टाकावे.

परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना संदेश धाडण्याआधी त्यांचा पासपोर्ट कुठला ते विचारावे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र ठरते. ती एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच घेता येते. संस्थेकडे ती नोंदणी नसेल तर भाच्याला म्हणावे, पैसे राहू दे, येशील तेव्हा चार पिशव्या विकत घे.

आपली,
एक वाचक, इंदूर