शॉवरला पाणी नाही आणि तक्रार मात्र बंद

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : डायव्हर्टरमधील दोषामुळे शॉवरला पुरेसे पाणी न येणे व तक्रार परस्पर बंद केली जाणे

महोदय,

आपल्या हेल्पलाइनवर आज झालेल्या बोलण्यानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी कळवीत आहे.

आपल्या कंपनीचा भिंतीतला डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा खालच्या तोटीकडे वळवणारा नळ) आणि शॉवर बसवल्यापासून शॉवरला बारीक धार येते. त्यावर ‘तुमच्या टाकीचा दाब कमी आहे’ हे एकच उत्तर मला मिळत आले आहे. आपल्या माहितीपत्रकात किमान 0.5 बार दाब लागतो असे छापले आहे. पाण्याच्या दर मीटर उंचीमागे साधारण 0.1 बार दाब मिळतो आणि आमच्या टाकीतले पाणी शॉवरपेक्षा 6 मीटरहून अधिक उंचीवर असते. त्याच टाकीवर, तेवढ्याच उंचीवर, शेजारच्या बाथरूममध्ये जुना शॉवर आहे. त्याखाली 10 लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. आपल्या शॉवरखाली चार मिनिटे उलटली तरी ती भरत नाही.

दाबाचे कारण संपले की क्षाराचे कारण पुढे केले जाते. शॉवर व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून, रबरी छिद्रे बोटाने चोळून आणि आतली जाळी धुऊन झाली आहे. दोन्ही अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत. गरम आणि गार, दोन्ही पाणी सारखेच मंद येते, त्यामुळे गिझरचाही संबंध नाही. त्यानंतर आमच्या प्लंबरने दोन्ही शॉवरची अदलाबदल केली. आपला शॉवर जुन्या जागी भरभरून चालला आणि जुना शॉवर आपल्या डायव्हर्टरवर लावताच त्याचीही धार बारीक झाली. शॉवर पूर्ण काढून पाहिला तरी उघड्या नळीतून पाणी भिंतीला चिकटूनच ओघळत होते, आणि त्याच डायव्हर्टरच्या खालच्या तोटीला मात्र जोरात पाणी येते. तोटी खाली असल्याने थोडा फरक पडणारच, पण एवढा नाही. दोष कार्ट्रिजमध्ये, म्हणजे डायव्हर्टरच्या आतल्या पाणी वळवणाऱ्या सुट्या भागात आहे, किंवा शॉवरकडे जाणारी वाट आत कुठेतरी अडली आहे. आपल्या तंत्रज्ञांना हे मी सांगावे लागू नये.

हे सर्व मी आज क्रमाने सांगितले. मध्येच मला थांबवून आपल्या प्रतिनिधीने विचारले, “मॅडम, पाणी येतंय ना?” मी म्हटले, येते, पण अंगावरचा साबण निघत नाही. पुन्हा तोच प्रश्न : “हो किंवा नाही सांगा, पाणी येतंय ना?” मी ‘हो’ म्हटले, तेव्हा “मग प्रॉडक्ट चालू आहे” असे उत्तर आले. मी वरिष्ठांशी बोलायचे आहे असे सांगितले, तर मला थांबायला लावून फोन ठेवून दिला गेला, आणि काही क्षणांतच मोबाइलवर संदेश आला : ‘समस्येचे निराकरण झाले. ग्राहक समाधानी.’ माझ्या तोंडून काढून घेतलेल्या एका ‘हो’वर माझे समाधान नोंदवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी समाधानी नाही. तक्रार बंद करण्यास मी संमती दिलेली नाही.

त्याआधी आलेल्या आपल्या माणसाने कार्ट्रिजला हातही न लावता ‘फरशी फोडावी लागेल’ असे सांगून घरच्यांना घाबरवले होते. या डायव्हर्टरची मूठ आणि पुढची तबकडी काढली की कार्ट्रिज समोरूनच बाहेर येतो, हे आपल्याच माहितीपत्रकातील आकृतीत दाखवले आहे. कंपनीच्या माणसाला ते ठाऊक नसेल तर ते गंभीर आहे. ठाऊक असून तो तसे बोलला असेल तर त्याहून गंभीर आहे.

आपल्या कंपनीचे जुने नळ आमच्या घरात वर्षानुवर्षे विनातक्रार चालले, त्या विश्वासावर मी हे सामान घेतले होते. तो विश्वास आता राहिलेला नाही.

बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी, ‘ग्राहक समाधानी’ ही खोटी नोंद काढून टाकावी आणि जाणकार तंत्रज्ञ नवा कार्ट्रिज घेऊन पाठवावा. वॉरंटी चालू असल्याने त्याचे शुल्क मी देणार नाही. कार्ट्रिज बदलूनही धार सुधारली नाही, तर डायव्हर्टर बदलून द्यावा आणि फरशी फोडून पुन्हा बसवण्याचा खर्च कंपनीने सोसावा. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पावती, बादलीच्या चाचणीचे चित्रीकरण आणि आपला तो संदेश जोडून मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन.

आपली,
एक असमाधानी ग्राहक

सोबत : पावतीची व वॉरंटी कार्डाची प्रत