हळद लाल होते आणि पुन्हा पिवळीही

महोदय,

‘मूळ पदार्थ परत मिळाला तर बदल भौतिक, नाही मिळाला तर रासायनिक’ हे सूत्र मुलांकडून सर्रास घोकून घेतले जाते. पण गिरणीतून आणलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तरी दळणे हा भौतिकच बदल. उलट सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, लिंबू चोळले की पुन्हा पिवळा. बदल उलटला, तरी तो रासायनिकच! ‘बुडबुडे आले म्हणजे रासायनिक’ हेही तसेच; बुडबुडे उकळत्या पाण्यालाही येतात.

विचारायचे एवढेच, की नवा पदार्थ तयार झाला का? हे पाहायला खाण्याचा सोडा पुरतो. पाव चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावा आणि वाळवा. अर्धा कप पाण्यात एक चमचा सोडा विरघळवून पट्टी बुडवली तर ती फार तर नारिंगीकडे झुकते. आता १० ग्रॅम सोडा स्टीलच्या कोरड्या पातेल्यात मध्यम आचेवर १०-१५ मिनिटे परता. भुकटी उकळल्यासारखी हलते, वर धरलेल्या थंड झाकणाला पाण्याचे थेंब लागतात. गार झाल्यावर वजन भरते ६.३ ग्रॅमच्या आसपास. बरेच जास्त भरले तर आणखी परतायला हवे. घटले ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, उरला तो धुण्याचा सोडा. दिसायला तशीच पांढरी भुकटी, पण तिच्या पाण्यात दुसरी पट्टी लगेच तांबडी होते. (ॲल्युमिनियमचे भांडे नको, हा सोडा ते खातो. उरलेली भुकटी स्वयंपाकात वापरू नये, डोळ्यांपासून जपावी.)

ढोकळ्यावर मध्येच लाल ठिपके उठतात ते यामुळेच. सोड्याची गुठळी राहिली किंवा लिंबू कमी पडले, की वाफेवर त्या जागी धुण्याचा सोडा होतो, हळद लाल होते आणि तो घास साबणासारखा लागतो.

साखरेचे प्रकरण जरा फसवे. एकतारी पाक म्हणजे पाणी उडाले, साखर तीच. १६० अंश सेल्सिअसच्या पुढे ती तपकिरी होऊ लागते, तेव्हा तिचे रेणू मोडत असतात. पण उकळत्या पाकात लिंबाचे चार थेंब टाकले तर ना रंग बदलतो, ना वेगळा वास येतो. तरीही थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेले असते, म्हणून तर असा पाक सहजी साखरेचे खडे धरत नाही. नुसत्या डोळ्यांना हा रासायनिक बदल दिसणारच नाही.

तेव्हा परीक्षेत ‘दही लागणे’ यापुढे नुसते ‘रासायनिक’ लिहिले म्हणून पूर्ण गुण देऊ नयेत. दुधातल्या लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल झाले, एवढे लिहिले तर द्यावेत.

– एक विज्ञान शिक्षक