पत्र्याच्या आतले काम करणाऱ्या वस्तादांस

आदरणीय वस्ताद यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या फियाटचे जे काम तुम्ही करून दिलेत, त्यातले बहुतेक आता कुणाच्याही नजरेस पडणार नाही. रंगाची चमक सगळ्यांना दिसते आणि तिचे कौतुकही होते. पण रनिंग बोर्डाच्या, म्हणजे दरवाज्यांखालच्या लांब पेटीच्या, पोकळीत, फ्लोअरच्या खालच्या अंगाला आणि मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला जे घडले, ते प्रायमर (रंगाआधीचा थर) आणि मेण यांच्याखाली कायमचे झाकले गेले आहे. ते कुठेतरी लिहून ठेवावे आणि कोकणात ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे त्यांनाही वाचता यावे, म्हणून हे आभार उघड पत्रातून मानत आहे. तुमचे नाव छापलेले तुम्हाला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमची ओळख वस्ताद हीच आहे.

गाडी १९७६ सालची, प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. कागदोपत्री ती प्रीमिअर पद्मिनी. पण १९६४ पासून तिथे बनणाऱ्या फियाट ११०० डिलाइटचीच ती पुढची आवृत्ती असल्याने वडिलांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन अजून ठणठणीत आहे. इंजिनाचे सुटे भागही शोधले की मिळतात. पत्र्याचे मात्र तसे नाही. रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस थांबला तरी समुद्रावरून येणारा खारा वारा थांबत नाही. हवेतले मीठ पत्र्यावर बसते, ओलावा धरून ठेवते आणि गंजाची क्रिया जलद करते. त्यातून या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र लोखंडी सांगाडा, नाही. फ्लोअर, रनिंग बोर्ड, दरवाज्यांचे खांब आणि छत हे सगळे मिळून भार पेलतात, त्यामुळे रनिंग बोर्ड कुजणे म्हणजे घराचा वासा कुजण्यासारखे आहे.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्यांना ज्यांना विचारले, त्या प्रत्येकाने दोन दिवसांत गाडी चकाचक करून देण्याचे आश्वासन दिले होते. तुम्ही मात्र आधी रंगाला हातही लावला नाहीत. जुन्या स्पीकरमधला चुंबक फडक्यात गुंडाळून तुम्ही तो दरवाज्यांच्या खालच्या कडेवरून आणि रनिंग बोर्डावरून हळूहळू फिरवलात, आणि जिथे तो पकड सोडून घसरला तिथे खडूने खूण करत गेलात. त्याचा अर्थही तुम्हीच समजावून सांगितलात: तिथे चुंबकाला धरायला लोखंड उरलेले नाही, आहे ती नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. मग लहान हातोडीने टकटक केलीत. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत आणि कुजलेल्याचा बद्द, हा फरक मी कानाने ऐकला. मागच्या चाकाजवळ, जिथे रनिंग बोर्ड संपतो, तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवताच तो मुठीपर्यंत आत गेला.

तो भाग उघडल्यावर जे निघाले ते मी विसरणार नाही. मागे केव्हातरी एका गॅरेजमध्ये भोकात चिंध्या कोंबून त्यावर फायबरची जाळी आणि बोटभर जाडीची लांबी थापलेली होती. कडक ऊन असूनही त्या चिंध्या पिळल्या तर पाणी निघेल इतक्या ओल्या होत्या. बाहेरून गुळगुळीत दिसणारा तो भाग आतून वर्षानुवर्षे पाण्यातच होता. त्या कारागिरांविषयी तुम्ही एकही वावगा शब्द काढला नाहीत. एवढेच म्हणालात, ‘ताई, ज्यानं केलं त्याला तेवढेच पैसे मिळाले असतील.’ त्या समंजसपणाबद्दलही तुमचे आभार मानायचे आहेत, कारण दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवून आपले दर वाढवणे या धंद्यात फार सोपे आहे.

कापण्यापूर्वीची तुमची तयारी हा माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा होता. रनिंग बोर्ड तसाच कापला असता तर गाडी मधून खचली असती आणि नवा पत्रा त्या खचलेल्या आकारावरच बसला असता. मग दरवाजे कधीच नीट लागले नसते. म्हणून तुम्ही दरवाजे उतरवून प्रत्येक चौकटीत तिरके अँगल वेल्ड केलेत, चाकांवर जसा भार येतो तसाच एक्सलखाली टेकू देऊन घेतलात, आणि बिजागरीपासून कुलपाच्या खांबापर्यंतची कर्णरेषा सुतळीने मोजून भिंतीवर लिहून ठेवलीत. दोन्ही बाजू एकाच वेळी उघडल्या नाहीत. डावी बाजू पूर्ण होऊन माप जुळल्याची खात्री झाल्यावरच उजवीला हात घातलात.

कापतानाही तुम्ही गंजाच्या डागापाशी थांबला नाहीत. चकाकणारे, पूर्ण जाडीचे लोखंड दिसेपर्यंत कटर पुढे सरकत राहिला, आणि भोक माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठे झाले. दोन पत्र्यांच्या जोडात गंज शिरला की तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि जोड आतून उकलत जातो. तो पापुद्रा तिथेच ठेवून वर पॅच मारला तर पॅचच्या कडेने पुन्हा सुरुवात होते, हे तुम्ही कापलेला तुकडा माझ्या हातात देऊन दाखवलेत. मी जस्ताच्या, म्हणजे जीआय पत्र्याविषयी विचारले. वेल्डिंगच्या जागचे जस्त जळून जाते, त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि टाका पोकळ राहतो, असे सांगून तुम्ही सीआर, म्हणजे जस्त नसलेला साधा पोलादी, पत्राच निवडलात. तो ऐरणीवर ठोकून मूळच्या वळणाबरहुकूम वाकवलात. वेल्डिंग गॅसच्या ज्योतीने न करता सीओटूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातल्या विजेच्या वेल्डिंगने, केलेत, तेही सलग नाही: एक टाका इथे, पुढचा वीतभर दूर, मग पहिला निवेपर्यंत थांबणे. पातळ पत्रा एकदम तापला की त्यावर लाटा उमटतात, आणि त्या झाकायला पुन्हा लांबी लागते. तुमच्या हाताखालच्या मुलाने घाई केली तेव्हा तुम्ही त्याच्यावर ओरडला नाहीत. नुसता त्याचा हात धरून टाक्यावर टेकवलात, म्हणजे किती तापला आहे ते त्याचे त्यालाच कळले.

पुढच्या कामाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते इतरांनाही उपयोगी पडेल. उरलेला वरवरचा गंज वायर ब्रशने आणि फॉस्फरिक ॲसिडने काढून, धुऊन, वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला गेला. उघडा पत्रा दमट हवेत एक रात्र राहिला तरी लालसर होतो. आणि साधा करडा प्रायमर ओल शोषतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर गाडी पावसात काढू नये, हे तुमचे सांगणे मी पुढे अनेकांना सांगितले आहे. तळाला काळा डांबरी थर द्यायला तुम्ही सुरुवातीला नकार दिलात, कारण अस्वच्छ लोखंडावर तो थर दिला तर गंज आतल्या आत वाढतो आणि वरून पत्ता लागत नाही. सगळे साफ आणि प्राइम झाल्यावरच तो दिलात. रनिंग बोर्डाच्या पोकळीत मेणमिश्रित तेल फवारलेत, दरवाज्यांच्या तळाची बुजलेली भोके मोकळी केलीत, कडक झालेले काचेचे रबर बदललेत आणि फ्लोअरवरच्या मॅटखाली पाणी धरून ठेवणारा तागाचा नमदा काढून टाकलात. जिथून पाणी येत होते तो रस्ता बंद केल्याशिवाय नवा पत्रा टाकणे मला पटत नाही, असे तुम्ही म्हणालात. वेल्डिंगइतकेच हे काम महत्त्वाचे आहे असे आता मलाही ठामपणे वाटते.

तुम्ही मागितलेली रक्कम कामाच्या मानाने कमीच होती, आणि तीही मला आधी कागदावर लिहून दिली होती. काय बदलायचे, काय राखायचे आणि काय अजून काही वर्षे चालेल, याचा असा स्पष्ट हिशेब मला आजवर कुणी दिला नव्हता.

गाडी आंबा घाटाने घरी आणली आणि त्यानंतरचा पावसाळा तिने रोज चालत काढला. तुमच्या सांगण्याप्रमाणे मृगाच्या आधी भोकांतून तार फिरवली, आणि भर आषाढात मॅट उचलून हात लावला तेव्हा फ्लोअर कोरडा होता. चारही दरवाजे एका बोटाने ढकलले की लागतात. डिकीच्या तळाला, स्टेपनी ठेवतात तिथे, तुम्ही खडूने केलेली खूण अजून आहे. तो भाग एवढा पावसाळा काढेल असे तुम्ही म्हणाला होतात आणि त्याने तो काढला. दिवाळीनंतर तुम्हाला सवड असेल तेव्हा कळवावे, म्हणजे त्या कामासाठी गाडी घेऊन येईन. तुमच्याकडच्या मुलालाही माझे आशीर्वाद सांगावेत.

आपली कृतज्ञ,
रत्नागिरीची फियाटवाली