मॅडम, माझं मराठी तुम्ही जमेस धरलंत

प्रिय काउन्सेलर मॅडम,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय. तुम्हाला ते वाचता येणार नाही, माझी मुलगी समोर बसून इंग्रजीत सांगेल. पण माझ्या शाळेचा मराठी कागद तुमच्या टेबलावर ठेवला, त्या दिवसापासून तुमचे आभार मानायचे तर याच भाषेत, असं मनात होतं. शिवाय लग्न होऊन कॅलिफोर्नियात आलेल्या, शिक्षण अर्ध्यावर राहिलेल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. त्यांच्याही हाती हे पडावं.

२०२१ च्या डिसेंबरात मी तुमच्याकडे आले ती कॉलेज सोडायचं म्हणून. कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे जिथे दोन वर्षांचं शिकून पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं त्या कॉलेजचं, पहिलंच सेमिस्टर, सासरे साताऱ्यात दवाखान्यात, रात्र रात्र फोनवर जायची. स्टॅटिस्टिक्समध्ये डी आला. जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, १.९. दहावीला ८१ टक्के मिळवलेल्या बाईला तो आकडा कुणाला सांगवत नव्हता. ओळखीतल्या एकीने सल्ला दिला होता, डी म्हणजे पासच की, पुढे चल. मलाही ते पटलं होतं, कारण आपल्याकडे ३५ ला पास म्हणजे पास, पुन्हा त्या विषयाचं नाव काढायचं नाही.

तुम्ही माझ्या हातातला कागद उलटा केलात आणि पेन्सिलीने मांडणी केलीत. ए म्हणजे ४ गुण, बी ३, सी २, डी १, आणि त्याला कोर्सच्या युनिटने, म्हणजे त्याच्या वजनाने, गुणायचं. इंग्रजी ३ युनिट, बी, म्हणजे ३ गुणिले ३, नऊ. कम्प्युटर ३ युनिट, सी, सहा. स्टॅटिस्टिक्स ४ युनिट, डी, चार. एकूण १९, भागिले १०. मग डी खोडून तिथे ए लिहिलात. चारचे झाले सोळा, बेरीज ३१, जीपीए ३.१. "डी ट्रान्स्क्रिप्टवर दिसत राहील," तुम्ही म्हणालात, "पण विषय पुन्हा घेऊन चांगली ग्रेड आणलीत, तर सरासरीत तो धरणार नाहीत." आणि हेही बजावलंत, की आयगेट्सी, म्हणजे विद्यापीठात जाण्याआधी पुऱ्या करायच्या जनरल एज्युकेशनच्या, सगळ्या शाखांना लागणाऱ्या विषयांच्या यादीतल्या कुठल्याही कोर्सला सी किंवा त्याहून वरची ग्रेड लागते, तिथे डी चालत नाही. ओळखीतलीचा तो सल्ला ऐकून मी पुढे गेले असते, तर गणिताचा रकाना शेवटपर्यंत रिकामाच राहिला असता. पुढच्याच सेमिस्टरला मी स्टॅटिस्टिक्स पुन्हा घेतलं आणि खरोखर ए आणला. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

त्याच दिवशी तुम्ही दोन आकडे समजावून दिलेत, ते मी पुढे कितीतरी जणींना सांगितले. कॅल स्टेट आणि यूसी म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठांचे दोन गट. इथल्या रहिवाशाला कॅल स्टेटसाठी किमान जीपीए २.०, यूसीसाठी २.४, आणि दोन्हीकडे तिसऱ्या वर्षाला जायचं तर ६० सेमिस्टर युनिट. "हा फक्त उंबरठा आहे," असंही म्हणालात. "उंबरठ्यावर पोचलेल्या सगळ्यांना आत घेतात असं नाही."

जनरल एज्युकेशनवरून मात्र मी तुमच्याशी वाद घातला होता. बी.कॉम.ची दोन वर्षं केलेली, अर्थशास्त्र घेऊ पाहणारी बाई भूगर्भशास्त्र कशाला शिकेल? आमच्याकडे दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशी एकदा फाटाफूट झाली की झाली. तुम्ही वाद न घालता आयगेट्सीचा तक्ता पुढे केलात. इंग्रजी लेखन, तर्कशुद्ध विचार, गणित, कला, समाजशास्त्रं, आणि विज्ञानाचे दोन कोर्स, त्यातल्या एकाला तरी लॅब. निवड तुमची, म्हणालात, पण रकाना टाळता येणार नाही. मी नाइलाजाने लॅबसकट जिऑलॉजी घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी हातात एक काळा, जड दगड दिला. भिंगातून पाहिलं तर बारीक बारीक छिद्रं. सरांनी नकाशावर बसॉल्टचे मोठे प्रदेश दाखवताना दख्खनवर बोट ठेवलं आणि साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची गोष्ट सांगितली. माझं सगळं लहानपण अजिंक्यताऱ्याच्या त्याच कातळावर खेळण्यात गेलं होतं. त्या वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला. त्यानंतर कुठल्याच वर्गात हात वर करायला बिचकले नाही. मॅडम, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. बी.कॉम.चे कोर्स आयगेट्सीत धरत नाहीत, परदेशातले कोर्स त्यात बसतच नाहीत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं गेली म्हणजे गेलीच. तरी अर्जात त्या कॉलेजचं नाव लिहायला लावलंत, कारण शिकलेलं एकही कॉलेज लपवायचं नसतं. आणि मग विचारलंत, "सहावी, सातवी कुठल्या भाषेत शिकलात?"

मी म्हटलं, मराठीत. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळं मराठीत.

यूसीसाठी आयगेट्सीत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचा एक रकाना होता. सहावी किंवा त्यावरच्या इयत्तेत दोन वर्षं दुसऱ्या माध्यमातून नीट शिकलेलं असलं, की तो भरायचा. भावाने गावी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून माध्यम मराठी असल्याचं पत्र आणलं, गोल जांभळ्या शिक्क्याचं. सोबत इंग्रजी भाषांतर होतं, पण तुम्ही आधी मूळ पत्रच हातात घेतलंत, शिक्क्यावर बोट ठेवून विचारलंत, "हे शाळेचं नाव का? मोठ्याने वाचा ना." मी वाचलं. तुम्ही तसंच म्हणून पाहिलंत आणि तक्त्यातल्या त्या रकान्यावर बरोबरची खूण केलीत. इंटरव्ह्यू असो, दुकान असो, माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीची मला कायम लाज वाटत आली होती. त्या खुणेनंतर ती बरीच कमी झाली.

वाचणाऱ्या मैत्रिणींनो, २०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरू करणाऱ्यांना आता आयगेट्सीऐवजी कॅल-गेट्सी लागू आहे, ११ कोर्स आणि ३४ युनिटचं, आणि त्यात भाषेचा हा रकाना नाही. तेव्हा माझं पाहून ठरवू नका. तुमच्या काउन्सेलरकडे जा, पहिल्याच महिन्यात जा. कुठला कोर्स कुठे चालतो ते असिस्टच्या वेबसाइटवर स्वतः पाहा.

बाकीचं तुम्हाला पाठच आहे, मॅडम. सप्टेंबर २०२३ मध्ये यूसी डेव्हिससाठी टॅग, म्हणजे अटी पुऱ्या केल्या तर प्रवेशाची हमी देणारा अर्ज, भरला, नोव्हेंबरात प्रवेशाचा मुख्य अर्ज, जानेवारीत ग्रेड अपडेट. आयगेट्सीचं सर्टिफिकेशन, म्हणजे यादी पुरी केल्याचा कॉलेजचा दाखला, आपोआप जात नाही, मागावं लागतं, याची आठवण तुम्ही मला दोनदा केलीत. दुसऱ्या खेपेला तर सुट्टीवर असताना. पार्टटाइम, मुलीच्या शाळेच्या वेळा सांभाळून, मला तिथवर यायला तीन वर्षं लागली. एवढ्या काळात तुम्ही एकदाही "उशीर झाला" म्हणाला नाहीत.

येत्या जूनमध्ये पदवीदान आहे. आई साताऱ्याहून येतेय, पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. तिला तुम्हाला भेटायचंय, आणि शाळेचं नाव तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्यासाठी एक खुर्ची धरून ठेवतेय.

तुमची,
साताऱ्याची विद्यार्थिनी