फॉर्मिक आम्लाची झाकणं घट्ट करायला लावणाऱ्या मंत्रिमहोदयांस

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

फॉर्मिक आम्लाच्या साठवणुकीचे वेगळे नियम काढू, असा शब्द आपण दिला होता. नियम आले. पाचवं कलम म्हणतं, 'सर्व आम्लांची झाकणं हवाबंद असावीत.' हसावं की रडावं?

९९ टक्क्यांचं फॉर्मिक आम्ल नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू विघटित होतं. पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो. उकाडा वाढला की वेगही वाढतो. ८५ टक्क्यांच्या मालात पाणी असल्यानं हेच फार मंद चालतं, पण नियमाला टक्केवारीच ठाऊक नाही. कारखान्यात ज्या वायूला सुमारे ८० अंश सेल्सिअस आणि ४० वातावरण दाबाखाली मिथेनॉलशी जोडून मिथाइल फॉर्मेट करतात, मग पाण्यानं त्याचं आम्ल करतात, तोच वायू हे आम्ल कॅनमध्ये बसल्या बसल्या परत करतं.

आता हिशेब. ३५ किलोच्या कॅनमधलं १ टक्का आम्ल फुटलं तरी साधारण १८५ लिटर वायू. वरची मोकळी जागा पाच-सहा लिटर. करा भागाकार! आधी कॅनची कूस फुगते, तळ गोल होऊन कॅन डुगडुगतो, मग जोडाची रेघ उकलते. नाहीतर कोणीतरी बेसावधपणे झाकण फिरवतो आणि फवारा तोंडावर घेतो. कातडीवर आधी पांढुरका डाग, मग फोड. लगेच निदान १५ मिनिटं वाहतं पाणी हवं. त्या नळाबद्दल तुमच्या बावीस पानांत अवाक्षर नाही. फलकाच्या रंगावर अख्खं पान.

झाकणाला सूक्ष्म छिद्रांचा पडदा हवा, एवढीच मागणी होती. वायू बाहेर, द्रव आत. कॅन उभाच ठेवायचा, आडवा केला की पडदा भिजून बसतो. आणि गोदामाला वारा हवा.

सातवं कलम तर कळस: 'वायुगळतीचा वास येताच गोदाम रिकामं करावं.' कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, साहेब. मापक लागतो, तोही नाकाच्या उंचीवर, कारण हा वायू जवळपास हवेच्याच वजनाचा. तळाशी साचते ती आम्लाची वाफ, हवेच्या दीडपट जड. थंडीत ८ अंशांच्या आसपास ९९ टक्क्यांचा माल गोठतो, तेव्हा कोमट पाण्यात ठेवायचा. 'उष्णता द्यावी' एवढंच लिहिलंत तर लोक थेट वाफ सोडतील.

गंधकाम्लाची जुनी नियमावली काढायची, नाव खोडून दुसरं घालायचं, याला धोरण म्हणतात. तपासणीस येतो, वही पाहतो, सही करतो. झाकणाला हात लावत नाही. शहाणा आहे.

तूर्त आम्ही दर आठवड्याला उघड्यावर, हातमोजे आणि मुखढाल चढवून, प्रत्येक झाकण अर्धा आटा सैल करतो, वायू सोडतो आणि पुन्हा लावतो. म्हणजे पाचवं कलम मोडतो. दंडाची पावती कोणाच्या नावानं फाडायची, तेवढं कळवावं.

आपले,
आम्ल हाताळणारे